स्कार्बरोची आग, आयरिशमध्ये

नकुल खांबेटेच्या प्रवासमालिकेचा शुभारंभ अग्निशमन दलाचे दोन बंब, एक प्रेशर कुकर आणि कारपार्कमध्ये उभं राहून टाळ्या पिटणारं अख्खं मराठी मंडळ यांच्या साक्षीने थाटात पार पडला.

असं काही घडलंच नाही. निदान खांबेट्यांच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात हा विषय निघत नाही. तेव्हा आपणही काहीच माहीत नसल्यासारखी सुरुवात करू.

नकुल बेलफास्टला फार्मसी शिकायला गेला आणि आयरिश शिकून आला. फार्मसीही झाली, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. पुढे आयरिश भाषेच्या एका वाहिनीला ब्रिटनमधल्या समुद्रकाठच्या गावांवर मालिका करायची होती, आणि त्यांना हा सावळा, लांबुडका, आयरिशमध्ये तासन्‌तास गप्पा हाणणारा मुलगा सापडला. बातमी घरी कळली तेव्हा त्याचे वडील उदयराव म्हणाले, "मराठीत भाजी पुल्लिंगी करतो, आणि म्हणे आयरिश!" आणि अर्ध्या तासात त्यांनी स्टॅनमोरला हॉल बुक केला. मोठा पडदा, बटाटेवडे, वरण-भात, शाल-नारळ, सगळं ठरलं. पहिला भाग सगळ्या मंडळाने एकत्र बघायचा.

नकुलला आनंदाने झोप लागेना. मग त्याला पहिल्या भागात आपण काय बोललोय ते आठवलं, आणि भीतीनेही झोप लागेना.

त्याचं असं होतं. उदयराव मंडळाचे फायर वॉर्डन होते, म्हणजे आग लागू न देणं आणि लागलीच तर सगळ्यांना बाहेर काढणं त्यांच्याकडे. हे पद त्यांना मिळालं स्कार्बरोच्या आगीमुळे. नकुल सात वर्षांचा असताना खांबेटे कुटुंब समुद्रकाठच्या स्कार्बरोच्या एका हॉटेलात उतरलं होतं, तिथे आग लागली आणि उदयरावांनी एकट्याने सगळं हॉटेल रिकामं केलं. ही गोष्ट ते दर गणपतीत सांगत. पहिल्या वर्षी नुसता धूर होता. गेल्या वर्षी ज्वाळा चौथ्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या. हॉटेल दुमजली होतं.

खरी गोष्ट अशी, की उदयरावांनी खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर कुकर लावला होता. वाफेने आगीचा भोंगा वाजला, हॉटेल रस्त्यावर आलं, आणि उदयराव अंगाला ब्लँकेट गुंडाळून सगळ्यांत पुढे उभे राहून ओरडत होते, "हू डिड धिस?"

आणि हे सगळं नकुलने त्याच हॉटेलसमोर उभं राहून, हसत हसत, कॅमेऱ्याला सांगितलं होतं. घरात आयरिश कुणाला येत नाही, या एका भरवशावर.

शनिवारी दुपारी मालिकेची निर्माती शिव्हॉन बेलफास्टहून हॉलवर आली. "तुझ्या लोकांसाठी स्पेशल कॉपी आणलीय," ती म्हणाली. "इंग्लिश सबटायटल्सवाली!"

"बंद करता येतील?"

"छे! चित्रातच छापलीत. आजीआजोबांनाही वाचता येतील, एवढी मोठी केलीत."

नकुलने आधी पडद्याच्या खालच्या बाजूला मंडळाचा बॅनर ताणून बांधला. त्याच्या आईने, शिल्पाताईंनी, तो सोडला. "अरे, तुझे बूट दिसत नाहीत! मुद्दाम नवे घेतले ना आपण?" मग त्याने झेंडूच्या माळांची चळत पडद्यासमोर रचली. ती शशीमावशींनी उचलून दाराला बांधली. शशीमावशी म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांच्यासमोर हालचाल करायची सवय कुणाला नव्हती.

शेवटी नकुलने ठरवलं, लोकांनी वाचलं तर वाचलं, त्यांचं नंतर बघू. बाबांना तेवढं त्या वेळी हॉलबाहेर ठेवायचं.

पडद्यावर समुद्र उसळला, नकुल टेकडीवरून धावत आला, मालिकेचं नाव झळकलं आणि हॉलने शिट्ट्या मारल्या. कुणी तरी "गणपती बाप्पा!" म्हणालं. उदयराव पहिल्या रांगेत पिवळं चमकतं जॅकेट घालून बसले होते आणि शेजाऱ्याला कोपर मारून सांगत होते, "एक अक्षर कळत नाही. पण काय बोलतोय बघा, पाण्यासारखं!"

नकुल वाकून त्यांच्या कानाशी लागला. "बाबा, भात कमी पडेल असं वाटतो."

"आँ? किती माणसं आली?"

"खूप. पण किचनमध्ये तर नोटीस आहे. फक्त रिहीटिंग अलाउड."

"ती मीच लावलीय," उदयराव उठत म्हणाले. "लोकांसाठी. मी वॉर्डन आहे."

कुकर त्यांच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी, कायम असे. तोच, स्कार्बरोचा. पाच मिनिटांत तो हॉलच्या किचनमध्ये शेगडीवर चढला. नकुलने सुटकेचा श्वास सोडला. त्याला एवढंच कळलं नाही, की मुलाचा आवाज ऐकू यावा म्हणून उदयरावांनी किचनचं दार सताड उघडं ठेवलं होतं, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये छतावर धुराचा डिटेक्टर होता.

पडद्यावर नकुल हॉटेलसमोर उभा राहिला. खाली ठळक अक्षरं उमटली: माझ्या वडिलांना परक्याच्या हातचा भात चालत नाही.

हॉल खुदकला. पुढची ओळ आली. हॉल हसला. कुकरची ओळ आली आणि मागच्या रांगेतले यशोधनकाका खुर्चीवरून घसरले. "म्हणजे चौथा मजला?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

'आणि मग,' अक्षरं म्हणाली, 'भोंगा वाजला.'

भोंगा वाजला.

"वा! काय साऊंड आहे!" शशीमावशी म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. जागचं कुणी हललं नाही. पडद्यावरची गोष्ट पुढे गेली, भोंगा मात्र थांबेना. तेवढ्यात दार आपटून उदयराव आत आले. अंगात पिवळं जॅकेट, एका हातात कुकर.

"बाहेर! सगळे बाहेर व्हा! आधी म्हातारी माणसं!"

हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. "लाइव्ह पण ठेवलंय!" कुणी तरी ओरडलं. शिव्हॉनने फोन काढून शूटिंग सुरू केलं. टाळ्या वाजवत, हसत, वड्यांच्या प्लेटा सांभाळत मंडळ कारपार्कमध्ये आलं, आणि बंब वळून आत शिरले तेव्हा लोकांना या नाटकाच्या खर्चाचा अंदाज येईना.

बाहेर गारठा होता. शिल्पाताईंनी सत्काराची शाल उदयरावांच्या खांद्यावर टाकली. शाल पांघरून, सगळ्यांत पुढे उभं राहून उदयराव गरजले, "कोणी केलं हे?"

कारपार्कमधल्या टाळ्या थांबल्या. हे वाक्य सगळ्यांनी नुकतंच वाचलं होतं.

"उदय," शशीमावशी शांतपणे म्हणाल्या, "आधी कुकर खाली ठेव."

उदयरावांनी हाताकडे बघितलं. मग लोकांकडे, मग नकुलकडे. बत्तीस वर्षं रूट कॅनाल केलेल्या दंतवैद्याला चेहरे वाचता येतात.

"सांगितलंस?"

"बाबा, मला वाटला कोणाला समजणार नाही."

"समजणार नव्हतं, तर सांगितलंस कशाला?"

नकुलला आयरिशमध्ये याचं सुंदर उत्तर देता आलं असतं. मराठीत त्याने धडपडत सांगितलं, "कारण तो माझा फेव्हरेट स्टोरी आहे. नंतर आपण गाडीत बसून तो भात खाल्ला ना? तूप घालून. पाऊस पडत होता. माझी बेस्ट हॉलिडे होती ती, बाबा. आय ट्राइड टेलिंग इट विदाउट द कुकर. नाही होत."

उदयरावांनी नाक ओढलं. "आणि भात कसा झाला होता, ते सांगितलंस का?"

"ते तर शेवटी आहे. स्लो मोशनमध्ये."

अग्निशमन अधिकारी वही घेऊन आला. "फायर वॉर्डन कोण?" उदयरावांनी हात वर केला. "आणि हे भांडं कुणाचं?" हात वरच होता, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

आत जायला परवानगी मिळेपर्यंत बॉनेटवर कुकर उघडला गेला. भात मोकळा झाला होता. दलाच्या लोकांनी दोनदा घेतला. शिव्हॉन तर वेडीच झाली होती. "दुसऱ्या सीझनमध्ये बाबा हवेतच! हॉटेलात राहतील, भात लावतील, बास!"

उदयरावांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि सोमवारी सकाळी विचार करून पत्र धाडलं. वाहिनीला नाही, लंडनच्या अग्निशमन दलाला.

"मी मंडळाचा फायर वॉर्डन असून, भोंगा पहिल्या शिट्टीलाच वाजत असल्याने तांदूळ अर्धकच्चे राहण्याचा धोका संभवतो, ही गंभीर बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. तरी देशातील सर्व हॉटेले व हॉलमधील धुराचे डिटेक्टर किमान तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबतील, अशी व्यवस्था त्वरित करण्यात यावी, ही नम्र विनंती."