सटाण्याचे पाहुणे आणि माझं लाइव्ह लोकेशन

रविवारी आमच्या संजनाला बघायला सटाण्याहून नाशिकला पाहुणे यायचे होते आणि त्यांना पत्ता कसा कळवायचा, एवढाच प्रश्न होता.

"बाबा, सरळ लिहा ना. उत्तमनगर, सिडको, पाण्याच्या टाकीमागे, निळं गेट," संजना म्हणाली.

मी लेकीकडे कीव करून पाहिलं. एवढं लिहीत कोण बसतं आजकाल? (मी चोवीस वर्षं कचेरीत आवक-जावकचा कारकून आहे. पाकिटांवर पत्ते लिहायचे, याचाच मला पगार मिळतो.) सकाळी नऊला मी मुलाच्या वडिलांना, देवरामरावांना, लाइव्ह लोकेशन पाठवून मोकळा झालो. चांगलं आठ तासांचं पाठवलं, कंजूषपणा केला नाही.

मग रोहिणीने, म्हणजे बायकोने, मला फुलं आणि पेढे आणायला पिटाळलं. फोन अर्थातच खिशात. फोनशिवाय मी बाथरूममध्ये जात नाही, तर पंचवटीत कसा जाईन? फुलं घेतली, रविवार कारंजावर पेढ्यांच्या रांगेत उभा राहिलो. रांगेतल्या एकूण एक माणसाने मोबाइलमध्ये मुंडकं खुपसलेलं. पुढचा सरकला तरी पत्ता नाही. असल्या लोकांची मला मनापासून चीड येते. (माझंही मुंडकं तिथेच होतं, पण मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.)

सिडकोत परतताना स्कूटरच्या आरशात मिशी दिसली. पांढरीफटक. मुलीचा बाप जरा बरा दिसावा म्हणून घरावरून पुढे गेलो आणि दोन गल्ल्या सोडून दत्तूच्या सलूनमध्ये शिरलो. दत्तूने अर्ध्या मिशीला कलप लावला आणि फोन वाजला.

"शेखरराव, घरीच ना?" देवरामराव होते.

"म्हणजे काय! सकाळपासून दारात उभे आहोत. तुमचीच वाट बघतोय."

"मग आलोच. फोन म्हणतो, दोन मिनिटं."

घर जवळच होतं. पाहुणे चहा घेतील तोवर उरलेली अर्धी मिशी रंगवून मागच्या दाराने आत शिरायचं, असा मी हिशेब केला.

दोन मिनिटांनी सलूनचं दार उघडलं. आरशात माझ्या मागे देवरामराव, त्यांच्या पत्नी यशोदाबाई आणि इस्त्रीच्या शर्टातला नवरामुलगा सुयश असे तिघे उभे राहिले. सुयशने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"हेच," तो म्हणाला.

देवरामराव चिडले की अहिराणीवर येतात, हे मला तेव्हा कळलं.

"शेखरराव, तुमनं घर चाकावर शे का?" मग त्यांनी मराठीत हजेरी घेतली. "फुलबाजारात गेलो तर तुम्ही कारंजावर. कारंजावर गेलो तर तुम्ही सिडकोत. आणि म्हणे सकाळपासून दारात उभे."

तासभर ही तीन धडधाकट माणसं एका निळ्या ठिपक्यामागे नाशिकभर फिरली, पण काच खाली करून एका रिक्षावाल्याला विचारावं, हे एकालाही सुचलं नाही. हे मी मनातच म्हणालो. संजनाला फोटो बघून पसंत पडलेलं हे पहिलंच स्थळ आणि ते मी घालवलं होतं.

तेवढ्यात संजनाच आली. नवी साडी, पायात घरातल्या स्लीपर, दम लागलेला. पाहुण्यांची गाडी निळ्या गेटावरून पुढे गेली तेव्हा तिने गॅलरीतून हात केला होता, पण गाडीत कोणी मान वर केली नव्हती, म्हणून ती गाडीमागे धावत आली होती.

"काका, घर मागे राहिलं," ती म्हणाली. "टाकीपाशी डावीकडे. चला, मी दाखवते."

यशोदाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा हात धरला.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या घरात एकीला तरी तोंडाने रस्ता सांगता येतो."

पोहे व्हायच्या आधीच मुलगी पसंत पडली. देवरामरावांची अट एकच होती, लग्नपत्रिकेवरचा पत्ता मुलीने लिहायचा, बापाने हात लावायचा नाही. मी निमूट मान हलवली. अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी असताना माणूस आणखी काय करणार?