आकृतीत बाक नाही

नववीला द्रायूंचा दाब शिकवताना सर पाण्याला कधी हात लावत नसत. बावीस वर्षं ते फळ्यावर एक पिंप काढत आले होते. पिंपाला एकाखाली एक तीन भोकं. वरच्या भोकातली धार जवळ पडते, मधली जरा लांब आणि खालची सगळ्यात लांब, कारण खोली वाढली की दाब वाढतो. पुस्तकातल्या आकृतीत असं होतं, म्हणून जगात असंच होतं. कुणी शंका काढलीच तर सर बोट वर करून म्हणत, "आकृती बघा." मुलं त्यांना पाठीमागे 'आकृतीसर' म्हणत, आणि सरांना वाटे की हा आपल्या सुबक चित्रकलेचा गौरव आहे.

त्या वर्षी मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर दोघांचा डोळा होता, एक आपले सर आणि दुसरे भूगोलाचे सर. भूगोलाच्या सरांना हे पाण्यात पाहत. पाण्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला असेल तर तेवढाच. खुर्ची कुणाला द्यायची ते तपासणीला येणाऱ्या मॅडमच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि मॅडमचं पत्र आलं होतं : पाठ प्रात्यक्षिकासह घ्यावा.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण लगेच परतही आलं, कारण आकृती पाठ होती. त्यांनी नळवाल्याकडून चार फूट उंचीचा, मांडीएवढा जाड पाइप आणवला, त्याचा तळ बंद करून घेतला आणि एक, दोन व तीन फुटांवर भोकं पाडून त्यांना बुचं बसवून घेतली. धारा एकमेकींत अडकू नयेत म्हणून भोकं तीन दिशांना ठेवली, आणि ही कल्पना स्वतःची असल्याचं शिक्षकांच्या खोलीत चारदा सांगितलं. मग पट्टीने आकृती मोजून हिशेब केला. वरची धार एक फुटावर, मधली दोन, खालची चार. तिथे तिथे खडूने फुली मारून घमेली मांडली.

पाणी भरायला शाळेच्या मावशी आल्या. त्यांनी पाइपाकडे पाहिलं, घमेल्यांकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

"सर, हे बाकावर ठेवू का?"

"कशाला?"

"जमिनीवर ठेवलं तर खालची धार लांब जायची नाही. अलीकडंच पडंल. मधलीच जास्त उडते."

"मावशी, खाली दाब जास्त असतो."

"असंल की. पण जमीन लगेच येते ना."

सरांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "बघा. पिंप कुठे आहे? जमिनीवर. आकृतीत बाक नाही."

"शाळेमागचा पाण्याचा ड्रम तीन ठिकाणी गळतोय, सर. रोज मीच पुसते."

"गळती वेगळी, विज्ञान वेगळं," सर म्हणाले. मावशींनी मुकाट्याने पाणी भरलं आणि फडकं मात्र हाताशी ठेवलं.

मॅडमची खुर्ची सरांनी मधल्या भोकासमोर मांडली, चार फुटांवर. मधली धार दोन फुटांवर पडणार, म्हणजे दुप्पट अंतर. मॅडम बसल्या, पर्स पायाशी ठेवली आणि शेऱ्याची वही तिच्यात खुपसली. दाराशी भूगोलाचे सर सहज आल्यासारखे उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या पाठात फक्त पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला होता, आणि तो पडला नव्हता.

"आता विद्यार्थ्यांनो, द्रायूचा दाब आपल्या डोळ्यांदेखत काय करतो ते पाहा," सर म्हणाले. "एक, दोन, तीन!"

तीन मुलींनी तीन बुचं ओढली. वरची धार आपलं घमेलं ओलांडून आणखी अडीच फूट पुढे गेली. खालची धार आपल्या घमेल्यापर्यंत पोचलीच नाही. आणि मधली, जिच्याकडून सरांना काहीच अपेक्षा नव्हती, ती डौलात चार फूट गेली आणि बरोब्बर पर्समध्ये उतरली.

"अहो, माझी वही!"

"दाब!" सर ओरडले. "दाब चुकतोय!"

"सर, वरची आणि खालची सारख्याच लांब पडतात!" पहिल्या बाकावरची चष्मेवाली पट्टी घेऊन रांगत ओरडली. खरं तर इतका चांगला विज्ञानाचा तास त्या वर्गात बावीस वर्षांत झाला नव्हता.

"बुचं लावा!" पण बुचं पाण्यावर तरंगत बाकांखाली गेली होती. तरंगण्याचा धडा पुढचा होता. शेवटी सरांनी स्वतः धावत जाऊन तीन भोकांवर दोन हात आणि एक गुडघा दाबला, आणि शाळेच्या भावी मुख्याध्यापकांनी पाइपाला अशी मिठी मारलेली असताना भूगोलाचे सर मन लावून खिडकीबाहेर बघू लागले.

धारा थांबल्या. मावशी पुसू लागल्या. मॅडमनी वही झटकली.

"हा प्रयोग याआधी किती वेळा केलात?"

चष्मेवाली म्हणाली, "आजच पहिल्यांदा, मॅडम."

"पण मी सगळं आकृतीप्रमाणे केलं!" सरांचा आवाज रडवेला झाला. त्यांना मनापासून वाटत होतं की पाण्याने आपल्याला दगा दिला. त्यांनी ओल्या हातांनी पुस्तक पुढे केलं. "हे बघा. पिंप जमिनीवरच आहे. मी पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकलं नाही."

मॅडम आकृतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"ही आकृती मी काढलीय. पिंपाखाली उंच बाक होता. पानात मावेना, म्हणून मीच कापला."

मावशींनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

"कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"आलं नाहीच," मावशी बादलीला म्हणाल्या.

शेरा मॅडमनी कोरड्या कागदावर लिहिला. मुख्याध्यापकांची खुर्ची भूगोलाच्या सरांना मिळाली. आपल्या सरांच्या वाट्याला बाक आला. पुढच्या आवृत्तीत तो छापून आल्यावर सर फळ्यावर पिंपाआधी बाक काढू लागले, चारही पायांसकट. बाक का लागतो असं चष्मेवालीच्या धाकट्या बहिणीने विचारलं, तेव्हा सरांनी बोट वर केलं.

"आकृती बघा," ते म्हणाले. "आणि परीक्षेत बाक विसरलात तर अर्धा गुण कापीन."