धमकी तपासणारे सर

धमकीचं पत्र आलं तर तुम्ही-आम्ही आधी दाराची कडी लावू. आमच्या शेजारच्या ताकसांडे सरांनी आधी लाल पेन शोधला.

पत्र इंग्रजीत होतं, चांगलं पानभर. वणीतले एक कोळसा वाहतूकवाले शेठ आमच्या गल्लीतून ट्रक नेऊ पाहत होते आणि वळणावर सरांचा ओटा आडवा येत होता. रिटायर झाल्यापासून सर रोज संध्याकाळी त्या ओट्यावर बसून पोरांना फुकट इंग्रजी शिकवायचे. बायको गेलेली, मुलगी लांब दिलेली. ओटा गेला तर सर संध्याकाळी करणार काय, हा प्रश्न अख्ख्या गल्लीला पडला होता. पत्राचं शेवटचं वाक्य असं होतं: 'इफ यू विल नॉट रिमूव्ह द ओटा, वी विल ब्रेक इट.'

"पाह्य, केवढी मोठी चूक!" सर मला म्हणाले.

"हाव ना सर, सरळ ओटा तोडतो म्हणते!"

"थे नाही रे! 'इफ'च्या घरात 'विल'ले जागा नाही. तिथं 'डू नॉट' पाह्यजे. अट इकडे, परिणाम तिकडे, मधात भानगड नाही!"

हे अट-परिणामाचं खूळ चाळीस वर्षांचं आहे. सलूनच्या आरशावर 'इफ यू विल स्पिट' अशी सूचना दिसली, तेव्हा अर्ध्या गालाला साबण असताना उठून त्यांनी ती खोडली. दवाखान्यात सलाईन चालू असताना भिंतीवरचा बोर्ड खाली उतरवायला लावला. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांनी इंग्रजी झाडत एक अट घातली. सरांनी अट मान्य केली, वाक्य मान्य केलं नाही. सोयरीक मोडता मोडता राहिली.

आता तपासलेलं पत्र शेठना नेऊन दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. "ज्याले धड धमकी देता येत नाही, थो काय तोडन?" मी हातापाया पडलो. गेल्याच आठवड्यात या शेठनी एका ड्रायव्हरला सगळ्यांदेखत चपलेनं मारलं होतं. सर ऐकेनात. एकट्यानं जाऊ देववेना, म्हणून शेवटी मीच त्यांना गाडीवर बसवून नेलं.

ऑफिसच्या दारात दोन धिप्पाड माणसं उभी होती. आम्ही आत गेलो आणि ती दार अडवून उभी राहिली.

"काय मास्तर, काढला का ओटा?" शेठ म्हणाले.

"पत्रात चूक आहे."

शेठचा चेहरा लाल झाला. "चूक? माह्या लेटरहेडवर? वंदना! इकडे ये! चूक असन तर हिले आजच्या आज घरी पाठवतो. लोक हसतीन मले!"

आतून पस्तिशीची एक बाई आली. सरांना पाहून ती जागीच थबकली.

"सर, मीच लिवलं जी," ती हळूच म्हणाली. "चुकलं का?"

सर तिच्याकडे पाहतच राहिले. पत्र त्यांच्या शर्टच्या खिशात होतं आणि पातळ पांढऱ्या कापडातून लाल रेघा स्वच्छ दिसत होत्या. शेठचं लक्ष गेलं तर संपलंच. सरांनी सावकाश तळवा खिशावर ठेवला.

"कुठं हाय थे पत्र? दाखवा मले." शेठ उठून टेबलाला वळसा घालून आले.

"घरी राह्यलं," सर म्हणाले. "अन् चूक माहीच झाली. चश्मा नव्हता लावला. पत्र बरोबर हाय."

"एकदम बरोबर?"

"एकदम."

शेठ त्यांच्या हाताकडे बघत होते. "छातीत दुखते का जी?"

"थोडंसं," सर म्हणाले. ते मला खोटं वाटलं नाही.

"मंग ओट्याचं?"

सरांनी एकदा वंदनाकडे पाहिलं. "पत्र बरोबर हाय म्हटलं ना. उद्या काढतो."

दारातली माणसं बाजूला झाली. चौकाच्या पुढे आल्यावर मी गाडी थांबवली. मला भयंकर राग आला होता. "सर, काहून केलं असं? गेला ना ओटा!"

सर खाली उतरले.

"वंदना माह्या वर्गात होती, नववीत," ते म्हणाले. "तिचं असंच एक वाक्य मी फळ्यावर लिहिलं अन् साऱ्या वर्गाले हसवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. मंग आलीच नाही. मी घरी गेलतो दोनदा. दाराआड लपली, समोर नाही आली."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि या हट्टी म्हाताऱ्याची फार माया वाटली.

त्यांनी पत्र काढलं, उलगडलं आणि लाल खुणांवरून अंगठा फिरवला.

"शाळा सोडूनबी पुरं पान लिहिलं रे पोरीनं," ते म्हणाले. "कोनं शिकवलं असन तिले?"