अर्थिंगचा खड्डा

"इन्स्पेक्टर येईल, चहा घेईल, सही करेल. दहा मिनिटांचं काम," रत्नाकर म्हणाला. देवासच्या कारखान्यात बारा वर्षं मशीनवर काढलेला माणूस, त्याला विजेचं कोण काय शिकवणार! गणोजी वायरमननं नव्या घरभर विजेचं चोख फिटिंग केलं, पण शेवटी अडून बसला. "भिया, अर्थिंगला खड्डा लागेलच. कोळसा, मीठ, नळी, सगळं. त्याबिगर पास नाही होत." रत्नाकरनं त्याला घालवून दिलं आणि अर्थिंगची तार स्वतःच पाण्याच्या नळाला गुंडाळली.

एवढ्या घाईला कारण होतं. वडील, भैयासाहेब, धारहून आले होते. सारी उमर संस्थानी कचेरीत गेली, पण राहिले भाड्याच्या घरात. मुलाच्या घराचा वास्तुपुरुष दारापुढच्या ओट्याच्या आग्नेय कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरला होता. आता एकच हौस उरली होती, घरातलं पहिलं बटण आपण दाबायचं. डोळे दिवसेंदिवस अधू होत होते, आणि सोमवारच्या बसनं त्यांना परत जायचं होतं. इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय वीज जोडणार नव्हते.

शनिवारी उमाशंकर इन्स्पेक्टर आले. चहाला हातसुद्धा लावला नाही. "अर्थिंगचा खड्डा किधर आहे?"

खरं सांगायला काय झालं होतं? पण नाही. रत्नाकरला कोपऱ्यातली ताजी माती दिसली आणि बोट तिकडे गेलं. "हा काय, साहेब. परवाच बुजवला."

"उघडा."

तिथे काय पुरलंय ते आता त्याच्या लक्षात आलं. दारातून विनोदिनी, त्याची बायको, मान हलवून नको नको म्हणत होती. पण सुटलेला शब्द मागे कसा घ्यायचा? तो कुदळीनं कडेकडेची माती उकरत बसला, जणू भुईमुगाच्या शेंगा काढतोय. साहेबांचा धीर सुटला. त्यांनी कुदळ घेतली आणि बरोब्बर मध्ये घाव घातला. ठण्ण झालं. तांब्याची डबी वर आली.

झाकण उघडून पाहताच साहेबांनी बूट काढले. "अहो, हे तर वास्तुपुरुष. ही तुमची अर्थिंग?"

मागे काठी टेकून भैयासाहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

साहेबच ओशाळले. "काका, तुमच्याकडे बघून पास करतो. खड्डा मागून करून घ्या."

"नापास लिहा," भैयासाहेब म्हणाले. "उद्या सुनेला झटका बसला तर?"

मग खाली बसून, हातानं चाचपत त्यांनी डबी पुन्हा मातीत ठेवली. सोमवारी ते धारला गेले.

रत्नाकर गणोजीच्या दारात जाऊन उभा राहिला. तो भला माणूस, मुकाट्यानं आला आणि एका दुपारीत खड्डा झाला. एका दुपारीत! तीन आठवड्यांनी वीज आली. रत्नाकरनं धारला पत्र टाकलं, "बटणाला कुणी हात लावलेला नाही. तुम्ही या."

उलट टपाली कार्ड आलं. अक्षर भैयासाहेबांचं नव्हतं, शेजाऱ्याकडून लिहवून घेतलं होतं.

"आता दिसत नाही. बटण सूनबाईंनी दाबावं. खड्डा या खेपेला खरोखर केला आहेस ना?"