देवीदासभाऊंची रील आणि सेक्टरभरचे डबे

रील काढणं हे काय काम आहे? देवीदासभाऊंनी जन्मभर स्टील प्लांटमध्ये रूळ तपासले होते. त्यांच्यापुढे मोबाइल म्हणजे किस झाड की पत्ती!

रील काढायला कारणही होतं. पत्नी साधनाताई गेल्या आणि त्यांचा जवसाच्या चटणीचा घरगुती धंदा थंडावला. त्यांच्यासोबत काम करणारी कौशल्या अजून येत होती, पण परवा तिनं साफ सांगितलं, "भाऊ, ऑर्डर नाही आल्या तर मले हथखोजच्या फॅक्टरीत लागावं लागते."

साधनाची कढई बंद पडू द्यायची नाही, एवढंच भाऊंच्या डोक्यात होतं. त्यांनी प्राचीला फोन लावला. लेक पुण्यात मार्केटिंगमध्ये होती.

"बाबा, आधी सांगा, तुमाले पाहिजे काय? गावभर नाव पाहिजे तर रील टाका. ऑर्डर पाहिजे तर साधा फोटो, खाली भाव अन् नंबर."

"फोटो? फोटो तर माणूस गेल्यावर टाकतात!"

प्राचीनं फोन ठेवून दिला. भाऊंनी तो होकार धरला.

चटणी तयार झाली. बरण्या नव्हत्या, पण फळीवर स्टीलचे डबे होते. लग्नात फेटे बांधून वऱ्हाडी बसावेत तसे चमकत होते! त्यांतच चटणी भरली.

"भाऊ, एवढे डबे आपले होते का?" कौशल्यानं विचारलं.

"घरात आहेत म्हणजे घरचेच!"

मग शूटिंग. भाऊ जुन्या सवयीनं एकेक डबा कॅमेऱ्यासमोर फिरवू लागले. पुढून, मागून, झाकण, काठ! "पाहा, कुठं तडा नाही, डाग नाही! काठावर नक्षीसुद्धा आहे!" चटणीबद्दल बोलायचं राहूनच गेलं. रील कॉलनीच्या ग्रुपवर पडली.

घंटाभरात धडाधड कॉमेंट!

"कौशल्या, लोक तुटून पडून राहिले!"

"ऑर्डर देऊन राहिले का?"

भाऊंनी चष्मा लावला.

"काका, दुसरा डबा आमचा आहे."

"डबा त्यांचा, झाकण माझं!"

"अरे देवा, आम्ही जावेवर आळ घेतला होता!"

भाऊंनी डबा चष्म्याजवळ नेला. नक्षी कसली? चक्क नाव कोरलेलं होतं! सौ. ममता!

तेवढ्यात बेल वाजली. दारात ममतावहिनीच.

"भाऊजी, आमचा डबा... साधनाताई गेल्या तेव्हा खिचडी पाठवली होती त्यातून." बोलता बोलता त्या ओशाळल्या. "राहू द्या, घाई नाही."

"वहिनी, साधनानं कधी कोणाचा डबा रिकामा परत केला नाही. मले तर चहाच्या पुढं काही जमत नाही. काय भरून देणार होतो? म्हणून सगळ्यांचे डबे इथंच राहिले, अन् पुढं कोणाचे तेही विसरलो."

"आता तर भरलेला दिसून राहिला!" वहिनी हळूच म्हणाल्या.

काय करता? दिला! वहिनी गेल्या आणि त्यांच्यामागं आख्खा सेक्टर आला. रेशनच्या दुकानासारखी रांग! सगळे भरलेले डबे घेऊन, "साधनाताईंचीच चव हो!" म्हणत गेले. एक पैसा न देता!

"ऑर्डर किती आल्या, भाऊ?" कौशल्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी ती शेवटचा हिशेब करायला आली, तर दारात ममतावहिनी. हातात तोच डबा, रिकामा.

"भाऊजी, रात्रीच संपली! भरून द्या. आणि या वेळी भाव सांगा, नाहीतर मी नेणार नाही!"

मागं आणखी तिघी उभ्या होत्या. कौशल्यानं पिशवी खुंटीला अडकवली. "भाऊ, मोठी कढई काढा!"

आता फळीवर एकच डबा उरला होता. छोटा, पोचे पडलेला, बिननावाचा. भाऊंनी यावेळी साधा फोटो टाकला. 'हा कोणाचा आहे? न्यावा.' खाली नंबर. लेकीनं सांगितलं होतं म्हणून चटणीचा भावही लिहिला.

लगेच पुण्याहून फोन.

"बाबा! माझा शाळेचा डबा आहे तो!"

"मग येऊन घेऊन जा."

"रिकामा नाही नेणार हं!"

साध्या फोटोला ऑर्डर येते हे लेकीचं म्हणणं खरंच निघालं. फोटोवरची पहिलीच ऑर्डर आली, तीही तिचीच, आणि फुकटची!