पाटी वाचून गाडीत बसावं

पोरीचं पुढचं शिक्षण मी ठरवते, असं एका सकाळी भाकर थापता थापता माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तव्यावरची भाकर उलटायच्या आत ते साऱ्या गल्लीला माहीत झालं. (माझा आवाज तसा आहे. उभी हयात नेरच्या बसस्टँडवर उकडलेल्या शेंगा विकलेल्या बाईचा आवाज आणखी कसा असणार?)

पोरगी म्हणजे माझी नात, प्रियंका. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि घरात भांडण लागलं. नापास झाली असती तर घर शांत राहिलं असतं. माझा मुलगा अतुल म्हणे सायन्स, मग डॉक्टर. सून शीला म्हणे कॉमर्स, मग बँक. कारण तिचा भाऊ बँकेत आहे आणि त्याच्या डोक्यावर एसी आहे. शाळेतल्या सरांनी मोबाईलवर कल चाचणी घेतली. मोबाईलनं विचारलं, तुम्हाला समुद्रकिनारी फिरायला आवडतं की बर्फाच्या डोंगरात? नेरच्या पोरीला! तिनं दोन्हीला नाही म्हटलं. निकाल आला, ‘कल स्पष्ट नाही’.

राहिला आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा उकंडा. तो काहीच म्हणाला नाही. कापसाच्या जिनिंगच्या खडखडणाऱ्या मशिनीपाशी जन्म गेल्यामुळे बोलायची सवय सुटली, असं तो म्हणतो. (एकदाच म्हणाला होता.)

आता तुम्ही विचाराल, बाई, तुमचं स्वतःचं शिक्षण काय? विचारा. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मी शिकले एसटीच्या पाट्यांवर. शेंगांची टोपली काखेत, आणि गाडी लागली की माणसं काय पाहून धावतात ते पाहायचं. पहिला शब्द वाचला तो ‘दारव्हा’. पहिल्याच घासाला जोडाक्षर! मग कारंजा, पुसद, दिग्रस. ज्या दिवशी ‘पांढरकवडा’ एका दमात वाचलं, त्या दिवशी मी स्वतःला पदवीधर समजले आणि शेंगांचा भाव वाढवला. नंतर पेपर वाचायला लागले, तो आजतागायत मोठ्यानं वाचते. गल्लीत दुसरा पेपर कोणी घेत नाही. गरज पडत नाही.

तर या स्टँडवरच्या अभ्यासातून माझं एक शास्त्र तयार झालं होतं. कुठं जायचं ते आधी ठरवा, मग पाटी वाचा, मग चढा. लोक उलटं करतात. आधी खिडकीतून रुमाल टाकतात, जागेसाठी भांडतात, आणि गाडी सुटली की बाजूच्याला विचारतात, “भाऊ, हे कोठी जाते?” शिक्षणाचंही तेच. गल्लीतले दहावी-बारावीचे पोट्टे ओट्यावर बसवून मी हे शास्त्र त्यांना सांगितलं. बाजूच्या उत्तमसिंगचा शाम तर तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

प्रियंकाची मुलाखत मी स्वयंपाकघरात घेतली.

“तुले काय व्हायचं आहे?”

“आजी, मले ना, घराचे नकाशे—”

“नकाशे भूगोलात असतात. म्हणजे आर्ट्स. तुझा बाप जेवण सोडंन. दुसरं सांग.”

“दुसरं नाही.”

“मंग सायन्स,” मी म्हटलं. (ती चाचणी घेणाऱ्या मोबाईलला मी हेच सांगणार होते, की इतकं सोपं असतं.)

नकाशे तिच्या डोक्यात कुठून शिरले ते मला ठाऊक होतं. आमचं घरकुल बांधत होते तेव्हा ही बोटभर पोट्टी गवंड्यापुढं कोळशानं रेघा ओढून सांगत होती, की न्हाणीचं दार आत उघडलं तर नळ दारामागं जाईल. गवंडी हसला. मीही गवंड्याच्या बाजूनं हसले. आजही आमच्याकडे अंघोळ करायची तर आधी बादली घेऊन आत शिरायचं, भिंतीला पाठ लावायची, दार लोटायचं, आणि मग कुठं नळ दिसतो. जाड पाहुणा आला तर त्याला आम्ही अंगणात बसवतो.

यथावकाश यवतमाळच्या एका कॉलेजात तिचा सायन्सला नंबर लागला. मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं मोबाईलनं बजावलं. अतुल आज जाऊ उद्या जाऊ करत शेवटच्या दिवसापर्यंत आला आणि त्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही.

“मी नेते,” मी म्हटलं.

“आई, चष्मा घ्या,” शीला म्हणाली.

“चष्मा पेपरले लागते. नेरचा स्टँड मले तोंडपाठ हाय.”

बुढा खाटेवर बसून माझ्याकडे पाहत राहिला.

स्टँडवर ही गर्दी. चौकशीच्या खिडकीपाशी चौकशी करणाऱ्यांची रांग. त्या खिडकीपाशी मी जन्मात उभी राहिले नाही. कंट्रोलरच मला विचारायचे, आता कोणती गाडी यायची आहे ते. इतक्यात एक गाडी आत शिरली. पाटीवरचा पहिलाच शब्द मी साऱ्या फलाटाला ऐकवला, “यवतमाळ!” आणि पोरीचा हात धरून चढले. रुमाल न टाकता जागा मिळवली. (पिशवी टाकली.)

“आजी,” प्रियंका दारातूनच म्हणाली, “आजी, हे गाडी—”

“मले पाटी वाचता येते! पाट्या वाचूनच शिकली मी. बस गुमान.”

ती घडीभर माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग बसली. कंडक्टर आला तेव्हा म्हणाली, “आजी, तू बोल बाजूच्या भाऊसोबत, तिकीट मी काढते.” मला तिचं कौतुक वाटलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे कंडक्टर माझ्याशी तसाही बोलत नाही. त्याच्या हिशेबी मी सामान. तिनं माझं आधार कार्ड दाखवलं, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तिकीट मुठीत धरलं.

बाजूला तांड्यावरचे एक गृहस्थ बसले होते. खेमसिंग नाव.

“कोठी निघाले, भाऊ?” मी विचारलं.

“दवाखान्यात जी. तुमी?”

“कॉलेजात. नातीचं नाव टाकायले. तुमचं पोरगं कितवीत आहे?”

“नववीत.”

माणूस सापडला. गाडी स्टँडबाहेर पडून कोणत्या अंगाला वळली ते पाहायला मला फुरसतच मिळाली नाही. मी त्यांच्या पोराचं अकरावी, बारावी, पदवी आणि जमलं तर लग्न असं सगळं मार्गी लावत होते. ते “हाव जी, हाव जी” म्हणत होते. दोन्हीकडे कपाशी, मध्ये रस्ता. कपाशीला काही पाटी नसते, की हे यवतमाळकडचं आणि हे दुसरीकडचं.

असा बराच वेळ गेला. मग गाडी एका पुलावर चढली आणि खाली पाहते तर रेल्वे! नुसते रूळ नाहीत, डबे जोडलेली, लांबलचक, हलणारी रेल्वे. यवतमाळला मोठी रेल्वे येणार, येणार, हे मी पेपरात इतकी वर्षं मोठ्यानं वाचत आले होते, की मला राहवलं नाही. मी उभीच झाले.

“पाहा हो! आली एकदाची! सरकारनं काम पुरं केलं अन् पेपरवाल्यांले पत्ताच नाही!”

सारी गाडी खिडक्यांकडे झुकली.

“काय आली, बाई?” खेमसिंग म्हणाले.

“यवतमाळची रेल्वे!”

“हे बडनेऱ्याची हाय जी,” ते म्हणाले. “इंग्रजायच्या टायमापासून हाय.”

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता.

बडनेरा म्हणजे अमरावतीच्या उंबऱ्यावर. म्हणजे आम्ही घरून निघालो ते यवतमाळकडं पाठ करून. मी खाली बसले आणि नातीकडे वळले.

“तुले माहीत होतं?”

“हाव.”

“कधीपासून?”

“तू चढली तवापासून. पाटीवर ‘यवतमाळ-अमरावती’ होतं. गाडी यवतमाळवरून आलती.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“सांगतच होती. तू म्हणाली, मले पाटी वाचता येते.”

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली, आणि तेवढ्या फटीत पोरगी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, “आजी, मी काई ठरवलं नव्हतं. मी यवतमाळलेच येत होती. पण अमरावतीच्या आयटीआयमध्ये आज उरलेल्या जागांची फेरी हाय. तिथं ड्राफ्ट्समनचा कोर्स हाय, इमारतीचे नकाशे काढायचा. जो हजर राहीन त्याचाच विचार होते. तू आपल्या हातानं मले या गाडीत बसवलं, तं मले वाटलं, बसून राहू.” मग थांबून म्हणाली, “अजून टाइम हाय. बडनेऱ्यात उतरून उलटी गाडी धरली तं यवतमाळचं कॉलेज सापडते. तू म्हणशीन तसं.”

गाडी बडनेऱ्याला थांबली. “उतरणारे उतरा लवकर!” कंडक्टर ओरडला.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात पोरीचं भविष्य वगैरे काही नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आत्ता उठून उतरले तर या भरल्या गाडीत खेमसिंगपासून त्या खोकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळेल, की रुखमाबाई चुकीच्या गाडीत बसली. ज्या बाईनं आत्ताच त्यांच्या पोराला पदवीपर्यंत पोचवलं, ती बाई.

“तुमी यवतमाळले जाणार होत्या ना?” खेमसिंगांनी विचारलं.

“कोण म्हणते?” मी म्हटलं. “आम्हाले अमरावतीलेच जायचं हाय. चला, भाऊ, घंटी मारा!”

प्रियंकानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, ते मी चष्म्याशिवाय कसं सांगणार?

आयटीआयमध्ये एका सरांपुढं बसलो. सरांनी मार्क पाहिले आणि भुवया वर केल्या.

“इतके चांगले मार्क आहेत. मग ड्राफ्ट्समनच का?”

मी तोंड उघडलं. प्रियंकानं माझ्या पायावर पाय ठेवला. मग तिनं सरांचीच पेन्सिल उचलून एका कोऱ्या कागदावर आमची न्हाणी काढली. दार, नळ, बादली, सगळं. दार कसं फिरतं त्याची अर्धी गोल रेघ काढली, ती बरोबर नळावरून गेली. सरांनी कागद स्वतःकडे फिरवला.

“यात अंघोळ कशी करता?”

“पाठ भिंतीले लावून,” मी म्हटलं.

सर हसले. मग त्यांनी पुढचं समजावून सांगितलं. दोन वर्षांचा कोर्स, मुलींसाठी वसतिगृह, नंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या पदवीला.

“म्हणजे गाडी बदलत बदलत जायचं,” मी म्हटलं.

“अगदी बरोबर, आजी.”

जागा मिळाली. पालकाची सही मी केली, झोकात. तेवढ्यात अतुलचा फोन आला.

“आई, झालं का कॉलेजचं?”

“झालं. अमरावतीले.”

“अमरावतीले? अमरावतीले कायले गेले तुमी? आई, तिले डॉक्टर करायचं होतं!”

“डॉक्टर लोकायलेही घर लागते. अन् घराले दार लागते. मी लेकराचा कल पाहून आणली तिले इथं. विचार करून.” आणि फोन बंद केला. प्रियंका बाजूलाच होती. काही बोलली नाही. (ती आजोबांवर गेली आहे, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.)

अतुल दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी घाईत अंघोळीला गेला, दारात अडकला, आणि बाहेर येऊन म्हणाला, “शिकू दे तिले.” गल्लीत माझं नाव झालं. कल चाचणीला जमलं नाही ते रुखमाबाईनं केलं, असं बाया नळावर बोलू लागल्या. मी कोणाला अडवलं नाही.

आणि मग काल संध्याकाळी उत्तमसिंगचा शाम आला. चोरासारखा आला. इकडंतिकडं पाहून माझ्यापाशी उकिडवा बसला.

“आजी, बा मले घाटंजीले मामापाशी धाडते. कॉमर्सले. सोमवारी जायचं हाय. मले नागपूरले जायचं हाय, हॉटेलच्या कोर्सले. मावशी हाय तिथं, हो म्हणते.”

मी सरसावून बसले. पोरगं शहाणं, योग्य ठिकाणी आलं होतं.

“मंग माझं शास्त्र ऐकलं ना तू? आधी ठरवायचं—”

“ठरवलं जी.”

“मंग पाटी वाचायची—”

“ते नाही जमत ना, आजी. बा स्वतः येते स्टँडवर बसवून द्यायले. त्याच्यासमोर नागपूरच्या गाडीत कसा चढू?” तो आणखी जवळ सरकला. “प्रियंकानं मले सांगितलं सारं. आजी, सोमवारी तुमी या ना संगं. बा तुमचं ऐकते. पाटी तुमीच वाचा. अन् मले गाडीत तुमीच बसवून द्या.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. पदवीधर झाल्यापासून पहिल्यांदा.

खाट करकरली. आमचा बुढा कुशीवर वळला आणि म्हणाला, “जाय वं. चष्मा तेवढा घरीच ठेव.”