कपाटामागची खोली

लेकाचं हल्लीचं बोलणं म्हातारीला पसंत नव्हतं. तिच्या खोलीला तो 'अतिरिक्त बांधकाम' म्हणू लागला होता. त्याचं लग्न ठरलं तेव्हा पुढची खोली तिनं जोडप्याला दिली, मागची भिंत फोडून अंगणावर छत टाकून घेतलं आणि आपली गादी तिकडं नेली. परवानगी काढली नाही. स्वतःच्याच अंगणात निजायचं तर विचारायचं कुणाला?

आता घर विकायचं होतं आणि मंजूर नकाशात ती खोली नव्हती. पाडावी तर घराचा भाव पडणार, ठेवावी तर पालिकेचा दाखला अडणार. लेकानं सुवर्णमध्य काढला. तपासणीच्या सकाळी त्यानं खोलीच्या दारापुढं मोठं कपाट सरकवलं. म्हातारी आतच होती.

"आई, तू बाहेर दिसलीस तर साहेब विचारणार, या झोपतात कुठं. ते जाईपर्यंत गप्प बस."

"मी बसते. खोकल्याला तू सांग."

साहेब आले. नकाशा उलगडून एकेक भिंत जुळवत कपाटापाशी पोचले, तेवढ्यात कपाट खोकलं.

"हे काय?"

"जुनं आहे साहेब," लेक म्हणाला.

साहेबांनी पुन्हा नकाशा पाहिला. कपाटामागं मोकळी जागा होती. मोकळ्या जागेत माणूस राहत नाही, आणि राहत नसलेला माणूस खोकत नाही. 'मंजूर क्षेत्रात खोकला आढळला नाही,' असं त्यांनी गंभीरपणे नोंदवलं. सुनेनं चहा आणला.

"मलाही अर्धा कप," कपाट म्हणालं.

"आवाज आमच्या खात्याकडं येत नाही," साहेब म्हणाले आणि चहा संपवून दाखला देऊन गेले.

त्यांची पाठ वळते न वळते तोच घर घेणारा आला. त्याला खोली ठाऊक होती. तिच्यासाठीच तो चढा भाव देत होता. कपाट हटवल्यावर त्यानं आत डोकावून समाधानानं मान हलवली.

"आमच्या आईला झकास होईल. हे कपाटही देताय ना?"

"घराबरोबरच. लागतं ते पुढं," लेक म्हणाला.

घेणारा कपाटाची रुंदी वितीनं मोजू लागला. म्हातारी त्याला वळसा घालून बाहेर आली आणि लेकासमोर उभी राहिली.

"खोलीला परवानगी नव्हती, कबूल. मला मात्र तुझ्या बापानं चार लोकांदेखत लग्न करून या घरात आणली होती. बेकायदा एवढी खोलीच होती रे. तू घाईघाईत आईसुद्धा लपवलीस."